मुरलेलं गजकर्ण

गिरणीचा संप फसला, जगनचं काम गेलं आणि लालबागच्या चाळीतलं त्यांचं घर त्याच्या बायकोच्या, शेवंताच्या खानावळीवर चालू लागलं. वर्षभरात तिच्या पोटावर गजकर्ण तिसऱ्यांदा उठलं, तेव्हा सासूने, पुतळाबाईंनी तिला स्वयंपाकातून उठवलं.

“असली घाण आमच्या घरात कधी नव्हती. माणसं जेवायला यायची बंद होतील.”

“उठते,” शेवंता म्हणाली. “पण मग सगळ्यांनी दवाखान्यात यायचं.”

जगनच्या अंगावर काहीच निघालं नाही. पुतळाबाई मात्र कंबर दाखवेनात. डॉक्टरीणबाईंनी समजावलं तेव्हा त्यांनी लुगडं सैल केलं. गाठीखाली तळहाताएवढा काळपट चट्टा होता.

“हे होय? बारा वर्षं झाली. कधी खाजत नाही.”

“जुनी बुरशी माणसाच्या कातडीत रुळते, आजी. फार त्रास देत नाही, म्हणून कुणी तिला हाकलत नाही. सुनेचं बरं झालं की तिला ती पुन्हा तुमच्याकडूनच लागत असणार.”

त्याच संध्याकाळी शेवंता भाकऱ्या थापायला बसली. औषधाची ट्यूब तिने सासूपुढे सरकवली.

“दोन महिने, रोज लावायचं.”

“मला काही त्रास नाही. मी कशाला लावू?”

शेवंताने भाकरी तव्यावर टाकली.

“मला होतो, म्हणून.”