बिनशिक्क्याचा चाकू

चाकूवाल्याने तो घडीचा चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. टक्. आवाज कानावर पडला आणि त्याचा हात जागीच थांबला.

"कुठे मिळाला म्हणालात?"

"तिच्या शिवणाच्या डब्यात. तळाशी, फडक्यात गुंडाळलेला." म्हातारा स्टुलाच्या कडेवर बसला होता. बायकोला जाऊन दीड महिना झाला होता. "सासऱ्यांच्या प्रत्येक चाकूवर त्यांचा शिक्का असायचा. तुम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलात, तुम्हाला ठाऊक आहे. यावर शिक्का नाही. मग हा कुणी केला?"

"लोक माझ्याकडे धार लावायला येतात. तुम्ही चाकूचे आईबाप शोधायला आलात."

म्हातारा हसला नाही. "अडतीस वर्षं तिने मला हा दाखवला नाही हो. कुणी दिला असेल, एवढंच कळू दे. कुणीही असो. मी ऐकून घेईन."

चाकूवाला थट्टा विसरला. त्याने रिव्हेट ठोकून काढले, मूठ सुटी केली. पात्याला जागेवर धरून ठेवणारी आतली पोलादी पट्टी त्याने दिव्याखाली धरली.

"कानशीचे ओरखडे बघा," तो म्हणाला. "माझ्या हातचे उजवीकडे झुकतात. हे उलटे आहेत."

मग तो उठला आणि कपाटातून एक चाकू घेऊन आला. पात्यावर उस्तादांचा, म्हाताऱ्याच्या सासऱ्यांचा, शिक्का होता. "निरोप देताना त्यांनी मला दिलेला. असा आवाज मला जन्मात जमला नाही. रोज सकाळी एकदा ऐकतो आणि कामाला बसतो."

इतकी वर्षं त्याने तो कधी खोलला नव्हता. हातोडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग एकदाचा घाव घातला.

दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. तेच बारीक ओरखडे, दोन्हीकडे डावीकडे झुकलेले, नुकत्याच विंचरलेल्या केसांसारखे.

"उस्ताद उजव्या हाताचे," चाकूवाला म्हणाला. "त्या हाताच्या थपडा खाल्ल्यात मी, चुकणार कसा?" मग आवाज उतरवून म्हणाला, "शेवटची जुळणी ते कधी आम्हाला दाखवत नसत. सगळ्यांना जेवायला पिटाळायचे आणि आतून कडी लावायचे. आम्हाला वाटे, कसब लपवतायत. आत फक्त त्यांची लेक, ताई असायची. पाणी द्यायला."

म्हातारा पट्ट्यांवर वाकला. बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"ती डावखुरी होती," तो म्हणाला.

चाकूवाला बसायला निघाला होता, तो उभाच राहिला. "गावोगावची माणसं उस्तादांचं नाव काढत यायची," तो पुटपुटला. "आणि मी आयुष्यभर ताईंची नक्कल करत बसलो."

म्हाताऱ्याच्या शर्टाची बटणं त्याच हाताने शिवली होती. त्याने मान खाली घालून ती एकदा पाहिली, जणू कुणी दुसऱ्यानेच हा शर्ट आपल्या अंगात घातलाय.

चाकूवाल्याने दोन्ही चाकू पुन्हा जुळवले. टक्. दोन्ही हातांनी बिनशिक्क्याचा चाकू पुढे केला. "यावर ताईंचं नाव कोरून देतो."

"यावर कशाला? हा तिने स्वतःसाठी केला." म्हाताऱ्याने दुसऱ्या चाकूकडे मान हलवली. "त्याच्यावर कोरा."

चाकूवाल्याने शिक्क्याकडे पाहिलं. मग मुठीची पितळी बाजू वर करून पकडीत आवळली, छिन्नी घेतली.

"नाव सांगा."

जन्मभर तिला नुसतं 'अगं' म्हणणारा तो माणूस स्टुलावरून उठला, आणि तिचं नाव सांगू लागला, एकेक अक्षर सुटं करून.