राहिलेली एक खोली

पंख्याची पाती पुसून झाली तेव्हा साडेनऊच वाजले होते. ती स्टुलावरून उतरली आणि लगेच पुन्हा वर चढली. एका पात्याच्या कडेला काळी रेघ राहिली होती.

"त्या बाई घर बघायला येताहेत," खालून नवरा म्हणाला. "ऑपरेशन करायला नाही."

"तुम्ही स्टूल धरा."

त्याने धरलं. वायरमन माणूस, उंचावरच्या कामाला खाली कुणीतरी लागतं, हे त्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या बाई अकराला यायच्या होत्या. मुलगी चार वर्षांची. दोघं तिला तीनदा भेटून आले होते, कागदपत्रांचं सगळं पार पडलं होतं. आता घर बघून त्या काय लिहितात, त्यावर सगळं अडलं होतं.

तीन दिवस हिचा हात थांबला नव्हता. स्वयंपाकघरातले डबे रिकामे केले, घासले, उन्हात वाळवून पुन्हा भरले. झाकणं नसलेले डबे गेले, डबे नसलेली झाकणं गेली. न्हाणीघराच्या फरशीतल्या फटी तिने जुन्या टूथब्रशने घासल्या. हॉलमधलं कपाट उपसून दोन पोती कपडे बाहेर काढले. जेवायला बसली की घास हातातच राहायचा, आणि ही उठून नळामागचा गंज खरवडायला लागायची.

राहिली होती ती फक्त आईंची खोली.

सासूबाईंनी या सगळ्याला ना हो म्हटलं होतं, ना नाही. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच. मुलीचा फोटो पुढे धरला तेव्हा "चष्मा नाही जवळ" म्हणाल्या होत्या. चष्मा गळ्यातच होता.

घरात झोपायची खोली म्हणावी अशी ती एकच. नवराबायको हॉलमध्येच झोपत. आईंच्या खोलीत एक मोठा पलंग आणि त्याच्याभोवती पायही ठेवता येऊ नये इतकं सामान: दोरीने बांधलेल्या गाद्या, पत्र्याची पेटी, शिंपीकाम करणाऱ्या, आता हयात नसलेल्या सासऱ्यांचं बंद पडलेलं मशीन, बटणांनी भरलेले बिस्किटांचे डबे. खिडकीजवळचं तेवढं हललं असतं तर तिथे लहान पलंग बसला असता. तिने चारदा विचारून पाहिलं होतं.

"मग तिचा पलंग कुठे ठेवू, आई?"

"मला काय विचारतेस?"

सव्वादहाला सासूबाई आंघोळीला गेल्या आणि हिचा धीर सुटला. ती तडक खोलीत शिरली. गाद्या ओढत बाहेर आणल्या. डबे आणले. पेटी अर्धी उचलून, अर्धी घसटत दारापर्यंत आणली, तोच मागे ओल्या पावलांचा आवाज झाला.

"ठेव ती खाली."

"आई, त्या आता येतीलच. हा पसारा बघून काय लिहितील त्या?"

"पसारा," सासूबाई म्हणाल्या. तिच्या बाजूने त्या आत गेल्या आणि पलंगावर बसल्या. "बरं. मग एकदाच सांगून टाक, या घरातून काय काय बाहेर काढायचंय. म्हणजे मीही तयारीत राहते."

आवाज जराही चढलेला नव्हता. भांडल्या असत्या तर हिच्याकडे उत्तरं होती, तीन दिवस घोकलेली. पण सासूबाई पलंगाच्या अगदी टोकाला बसल्या होत्या, परक्या घरी बसावं तशा. केसांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं.

हिने पेटी वळवली आणि परत आत ढकलली. टॉवेल आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. मग गादीला हात घातला.

"आता हे काय?" नवरा आला.

"एका बाजूने धरा."

पहिली गादी आत गेली, आणि बेल वाजली. वीस मिनिटं आधीच.

संस्थेतल्या बाई ठेंगण्या होत्या, खांद्याला जड पिशवी. पॅसेजमध्ये पडलेल्या गाद्या त्या ओलांडून आल्या. गॅसची शेगडी किती उंचावर आहे ते त्यांनी पाहिलं. न्हाणीघराची कडी आतून बाहेरून लावून पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले. पंख्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दर वेळी वहीत काहीतरी लिहीत होत्या.

शेवटी त्या आईंच्या खोलीच्या दारात थांबल्या.

"मुलगी झोपणार कुठे?"

याचं उत्तर तर पाठच होतं: आईंच्या खोलीत, खिडकीजवळ. पण ती म्हणाली, "ही खोली आईंची आहे. हे सामान आईंचं आहे, ते इथेच राहील. मुलगी हॉलमध्ये, आमच्याजवळ झोपेल. जागा कमी आहे. पण आहे."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. संस्थेतल्या बाईंचं पेन थांबलं. त्यांची नजर पलंगाकडे वळली.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय?"

सासूबाईंनी टॉवेलची घडी घातली. ती मोडली. पुन्हा घातली. हिला वाटलं, संपलं सगळं.

"सांगायचं नाही, विचारायचंय," सासूबाई म्हणाल्या. "झोपेत लाथा मारते का हो ती?"

संस्थेतल्या बाईंना हसू आवरेना. "मारते. रात्रभर नुसती गोल फिरते म्हणे."

"मग तिला भिंतीच्या बाजूला घ्यायला हवं," असं म्हणत सासूबाई पलंगावर वाकल्या, आणि पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कोपरापर्यंत हात घालून बघू लागल्या.