थंड डोक्याचे दाजी

हेमांगीचा फायदा उघड होता: नवरा अंटार्क्टिकाला गेला, तर वर्षभर मार नाही. तिथल्या संशोधन तळासाठी माणसं आणि सामान पाठवायचं काम तिचा भाऊ कौस्तुभच बघायचा. "आमचे दाजी म्हणजे एकदम थंड डोक्याचे," असं साहेबांना बिनदिक्कत सांगून त्याने त्यांना जनरेटर मेकॅनिक म्हणून धाडून दिलं.

२००६च्या मार्चमध्ये जहाज परत फिरलं. आता तिथला पुढचा उन्हाळा येईपर्यंत तळावरून कुणी हलू शकत नव्हतं. इकडे जेसल पार्कमधल्या घरी हेमांगीच्या पाठीवरचे वळ पहिल्यांदाच पुरते उतरले.

जूनमध्ये कौस्तुभ धापा टाकत आला. "हेमे, वाट लागली! कॅरमवरून भांडण झालं, आणि दाजींनी पान्याने डॉक्टरचे दोन्ही हात मोडले."

"मी नाहीये ना तिथे. मग कुणाला तरी मारणारच की."

आठवड्याभरात तो पुन्हा दारात. "दाजींचं अपेंडिक्स फुटायला आलंय. ताबडतोब ऑपरेशन हवंय."

"मग करा ना. माझी परवानगी कशाला?"

 

"करणार कोण, हेमे? अख्ख्या तळावर डॉक्टर एकच, आणि त्याला सध्या जेवणसुद्धा दुसऱ्याने भरवावं लागतंय."