जर्मनचा गंज

पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास आलापल्लीकडच्या गावांत घरोघरी अ‍ॅल्युमिनियमची भांडी असत आणि सगळे त्यांना जर्मनच म्हणत. रंभाच्या घरीही तसा एक गंज, म्हणजे मोठं पातेलं, होता. तिची सासू बायनाबाई तो रोज राखेने घासून लख्ख करी. एकदा ऊर्जानगरला नोकरीवर असलेला रंभाचा भाऊ आला आणि म्हणाला, "बाई, ह्या गंजात अंबाडीची भाजी नको रांधू. त्याच्यानं मानसाले इसर पडते म्हंतेत, पेपरात आलं हाय."

सासू हल्ली भाजीत दोनदा मीठ टाकी, कधीच्या गेलेल्या माणसांची जेवायला वाट पाही. एक दिवस ही आपल्यालाही विसरेल, या धास्तीने रंभाने तो गंज गावाच्या टोकाला राहणाऱ्या लटारूला बकऱ्यांच्या पाण्यासाठी देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ती वावरातून परतली, तर घर सताड उघडं आणि सासूचा पत्ता नाही. तिने विहीर पाहिली, नाला पाहिला. जंगलाच्या कडेला कालच वाघाचे पंजे उमटले होते, तिथे हाका मारून मारून तिचा घसा बसला. दिवस बुडता बुडता लटारूच्या अंगणातून भांडं घासल्याचा आवाज आला.

"आई, घरी चला न वो," रंभा रडतच म्हणाली.

राखेच्या हातांनी गंज पोटाशी धरून म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं.



"घरीच तं आहो मी. बस वो बाई जराशी, आमची रंभा येतच असन आता वावरातून."