पऱ्यांच्या भाषेतला राहिलेला शब्द

लहानपणी ताईने आमच्या गोष्टीतल्या पऱ्यांसाठी भाषा बनवली. पऱ्यांना आवाज नसतो, म्हणून त्या पेल्यावर चमचा वाजवून बोलत. एक ठोका म्हणजे ‘ये’, लागोपाठ ठोके म्हणजे ‘मी इथेच आहे’. “तुमच्या पऱ्या माझे पेले फोडणार,” आई म्हणायची. “भीती वाटली तर काय वाजवायचं?” मी एकदा ताईला विचारलं. “पऱ्या घाबरत नाहीत, वेडाबाई.” तेवढा शब्द राहूनच गेला. परवा घशाच्या ऑपरेशनमध्ये ताईचा आवाज कायमचा गेला. “आजी, काय होतंय? लिहा,” नर्सने पाटी पुढे केली. ताईने ती बाजूला सारून, माझ्याकडे बघत चमचा उचलला. तो पेल्याच्या काठावर नुसता थरथरत राहिला. असा शब्द आमच्या भाषेत नव्हता. “नवा केलास?” मी विचारलं. तिने मान डोलावली. मी चमचा घेतला आणि तिचा डोळा लागेपर्यंत लागोपाठ वाजवत राहिले.