मीटरची पूजा

मकरपुऱ्यातल्या कारखान्यात इंजिनीअर निरुपमानं दोन वर्षं खपून तेलवाहू जहाजांसाठी मीटर बनवला होता. समुद्रात सोडायच्या पाण्यात जास्त तेल दिसलं, की त्यानं भोंगा वाजवून झडप बंद करायची. सरकारी तपासनिसांसमोरच्या चाचणीआधी शेठनी तिच्याकडून मीटरची पूजा करवली. निरुपमानं मंदावलेल्या दिव्याची वात बोटानं सारली, काचेचं भांडं विसळून शुद्ध पाणी भरलं. मीटर लावताच भोंगा बोंबलला. "स्वच्छ पाण्यात तेल?" तपासनीस कडाडले. "आ शुं थयुं, बेन?" शेठ रडकुंडीला आले. निरुपमानं बोटं हुंगली. तिळाचं तेल! "साहेब, मीटर खरं बोलतोय," म्हणत तिनं हात आणि भांडं साबणानं घासलं. पुन्हा पाणी भरताच काटा शून्यावर आला. तपासनिसांनी बोट दिव्यातल्या तेलात टेकवून पाण्यात बुडवलं. भोंगा! हसत त्यांनी सही केली. "पुढच्या मीटरचीही पूजा तुम्हीच करा, बेन. आणि हात धुऊ नका."