रुमालाखालचा शब्द

नानासोंनी चाळीस वर्षं सांगलीच्या बाजारात रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून हळदीचे भाव ठरवले. शेजारच्यालाही पत्ता लागला नाही. आता हरिपूरच्या कुठल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, कुणाची हळद भरलीय, हे गुपित कॉम्प्युटरात जायचं होतं. कॉम्प्युटर बसवायला कराडहून आलेल्या मयूरीनं त्यावर युनिक्स ही प्रणाली चढवली आणि ‘तुमचा नवा पासवर्ड टाका, गुपित शब्द’ म्हणून तोंड भिंतीकडे फिरवलं. नानासोंनी एकेक बटण दाबलं. स्क्रीन कोरीच. “म्याडम, कायच उमटंना की!” “दिसू नये म्हणूनच, नाना. आता तोच शब्द पुन्हा टाका.” “पुन्हा कशाला? मघाशी बघायचं ऱ्हायलं व्हय?” त्यांनी खांद्यावरचा रुमाल कीबोर्डवर पसरला आणि खाली बोटं चालवली. स्क्रीनवर इंग्रजी ओळ आली. मयूरीनं वळून वाचली: “दोन्ही शब्द जुळत नाहीत.” “मुद्दाम खोटा घातला. ह्यानं पकडला!” नानासो हसले. “यंत्रावर इस्वास बसला. तुमी तेवढं भायेर थांबा.”